रिपोर्टात ‘बायफेजिक’ लिहिलंय, मग बाबांकडे किती वेळ आहे?

पत्र

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत बॉयलर खात्यात होते. ८२च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी केली. गेल्या काही महिन्यांपासून दम लागायला लागला, तरी रोज सकाळी दूध आणायला खाली जातात. उजव्या बाजूला छातीत पाणी झालं होतं, ते दोनदा काढलं. पाण्याच्या तपासणीत ‘एपिथेलिऑइड मेसोथेलिओमा असण्याची शक्यता’ असं आलं. डॉक्टर म्हणाले, हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. जरा धीर आला. मग दुर्बिणीतून बायोप्सी झाली, तर रिपोर्ट आला ‘बायफेजिक मेसोथेलिओमा’. भावाने नेटवर वाचून सांगितलं की फार तर वर्षभर. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. कोणता रिपोर्ट खरा मानायचा? ऑपरेशन करावं का? इम्युनोथेरपी परवडेल का? भाऊ म्हणतो बाबांना काही सांगायचं नाही. सगळं बिडीमुळे झालं असंही म्हणतो. आई वर्षानुवर्षं त्यांचे कामावरचे कपडे हाताने धुवायची, तिला काही होईल का? आणि गावच्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत, ते काढून टाकू का? दोन्ही रिपोर्टांचे फोटो सोबत पाठवले आहेत.
– स., डोंबिवली

उत्तर

ताई,

रिपोर्टांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. माझं सगळं आयुष्य पॅथॉलॉजीत, काचपट्टीवरचे पेशींचे नमुने, म्हणजे आमच्या भाषेत काचा, बघण्यात गेलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुमच्या हातातले दोन रिपोर्ट एकमेकांना खोटे पाडत नाहीत. दोन्ही खरे असू शकतात.

मेसोथेलिओमा हा फुप्फुसाचा नव्हे, तर फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा कॅन्सर. या आवरणात गाठीच्या पेशी दोन रूपं घेतात. एका रूपात त्या गोल-चौकोनी, अंगाने भरलेल्या असतात, एकमेकींना चिकटून नळ्या किंवा रांगा करतात. हे एपिथेलिऑइड. दुसऱ्या रूपात त्या लांबट होतात, दोन्ही टोकांना निमुळत्या, सुताच्या लडीसारख्या एका दिशेने वाहत जाणाऱ्या. हे सार्कोमॅटॉइड. एकाच गाठीत दोन्ही रूपं सापडली की तिला बायफेजिक म्हणतात. निम्म्याहून जास्त रुग्णांत एपिथेलिऑइड प्रकार असतो, त्याखालोखाल बायफेजिक, आणि निव्वळ सार्कोमॅटॉइड सगळ्यांत कमी.

छातीतल्या पाण्याची तपासणी करतो तेव्हा आवरणावरून गळून पाण्यात पडलेल्या पेशीच तेवढ्या दिसतात. एपिथेलिऑइड पेशी सहज सुटतात. लांबट पेशी मात्र तंतूंमध्ये रुतून बसलेल्या असतात, त्या पाण्यात फारशा उतरतच नाहीत. म्हणजे बाबांच्या पाण्यात अर्धंच चित्र आलं होतं. दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढल्यावर उरलेलं अर्धं दिसलं. पहिल्या डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं असं मनात आणू नका, त्यांच्यासमोर जे होतं त्यावरून ते बोलले. आता उपचार ठरवताना मात्र तुकड्याचाच रिपोर्ट धरायचा.

आता त्या दुसऱ्या रिपोर्टाकडे नीट बघू. खाली बारीक अक्षरांत पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखण्याच्या तपासण्यांची, म्हणजे आम्ही ज्याला आयएचसी म्हणतो त्याची यादी आहे. कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह, डब्ल्यूटी-वन पॉझिटिव्ह, टीटीएफ-वन निगेटिव्ह. पहिले दोन सांगतात की पेशी आवरणातल्याच आहेत. तिसऱ्याने फुप्फुसाच्या नेहमीच्या कॅन्सरची, म्हणजे ॲडेनोकार्सिनोमाची, शक्यता मागे पडते. पुढे ‘बॅप-वन लॉस्ट’ असं आहे, म्हणजे पेशींतलं बॅप-वन हे प्रथिन नाहीसं झालंय. आवरण नुसतं सुजलं तरी पेशी विचित्र दिसू शकतात, पण त्या सुजेत बॅप-वन गायब होत नाही. म्हणून ते गायब होणं हा कॅन्सरच असल्याचा भक्कम पुरावा. मेसोथेलिओमा आहे याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

मात्र एक गोष्ट मला त्या कागदावर सापडली नाही, आणि ती महत्त्वाची आहे: तुकड्यात लांबट पेशींचा भाग किती टक्के होता. ऑपरेशन करून काढलेल्या मोठ्या नमुन्यात दोन्ही प्रकारच्या पेशी किमान दहा-दहा टक्के असतील तरच ‘बायफेजिक’ म्हणायचं, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाचा नियम आहे. लहान बायोप्सीला ही अट नाही. तिथे थोड्याशा लांबट पेशी दिसल्या तरी तो शब्द लिहिता येतो. त्यामुळे पाच टक्के लांबट पेशी असलेला माणूस आणि ऐंशी टक्के असलेला माणूस यांच्या रिपोर्टावर एकच शब्द येतो, आणि दोघांची वाटचाल सारखी नसते. लांबट भाग जितका जास्त तितका आजार आक्रमक, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

शिवाय ‘बायफेजिक’ या निदानावर जाणत्या पॅथॉलॉजिस्टांचंही नेहमी एकमत होत नाही. कॅन्सरभोवती शरीर स्वतःचे तंतू तयार करतं, त्यांतल्या पेशीही लांबटच असतात, आणि लहान तुकड्यात त्या निरोगी लांबट पेशी कोणत्या आणि कॅन्सरच्या कोणत्या हे ओळखणं कठीण जातं. म्हणून माझा आग्रह आहे की काचा आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा), दोन्ही मागून घ्या आणि मेसोथेलिओमा नेहमी बघणाऱ्या केंद्राकडून पुन्हा तपासून घ्या. डोंबिवलीहून परळचं टाटा मेमोरियल लांब नाही, बाहेरच्या रुग्णांचे ब्लॉक तिथे तपासले जातात. लॅबकडे ब्लॉक मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. तपासायला देताना कागदावर तीन प्रश्न लिहून द्या: सार्कोमॅटॉइड भाग किती टक्के? एपिथेलिऑइड भागाचं न्यूक्लिअर ग्रेड (पेशींच्या केंद्रकांवरून ठरणारी प्रत) कमी की जास्त? पी-सिक्स्टीन हा जनुक किंवा त्याच्या शेजारचा एमटॅप, यांची तपासणी केली आहे का? एपिथेलिऑइड पेशींतही कमी ग्रेडच्या, नळ्या करणाऱ्या गाठी सावकाश चालतात, आणि जास्त ग्रेडच्या, भरीव थर करून वाढणाऱ्या गाठी वेगाने. पी-सिक्स्टीनचा जनुक पूर्ण गळालेला असेल तर आजार सहसा जोरात असतो.

आता तुमच्या भावाने वाचलेला आकडा. तो खोटा नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदीत तीन हजारांहून जास्त रुग्ण होते. त्यात एपिथेलिऑइडचा मध्यक साधारण १९ महिने, बायफेजिकचा १३ आणि सार्कोमॅटॉइडचा ८ निघाला. प्रकार बदलला की आकडा बदलतो आणि बराच बदलतो, हे मी झाकून ठेवणार नाही. पण मध्यक म्हणजे काय? शंभर जणांची रांग केली तर पन्नासाव्या माणसापाशी येणारा आकडा. निम्मे लोक त्याच्या आधी जातात, निम्मे त्याच्या पुढे जगतात, आणि त्या पुढच्यांतले काही खूप पुढे जातात. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञांना १९८२ मध्ये पोटातल्या आवरणाचा मेसोथेलिओमा झाला. त्या वेळी त्याचा मध्यक आठ महिने होता. ते आणखी वीस वर्षं जगले आणि २००२ मध्ये गेले ते वेगळ्याच कॅन्सरने. ते चाळिशीत होते, त्यांचा आजार पोटाचा होता, त्यांच्यावरून बाबांचं भाकीत करायचं नाही. एवढंच सांगायचंय की तेरा महिने ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

त्यातही ती नोंद आजच्या औषधांच्या आधीची आहे, आणि बायफेजिक रुग्णांसाठी चित्र खरंच बदललंय. २००३ पासून पेमेट्रेक्सेड आणि सिसप्लॅटिन ही केमोची जोडी नेहमीचा उपचार झाली. तिचा उपयोग एपिथेलिऑइड प्रकारात बरा, लांबट पेशींच्या प्रकारांत तोकडा. मग चेकमेट-७४३ या चाचणीत ६०५ रुग्णांपैकी निम्म्यांना केमो आणि निम्म्यांना निवोलुमॅब-इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची जोडी दिली. २०२१ मध्ये निकाल छापून आले. एपिथेलिऑइड रुग्णांत मध्यक केमोवर १६.५ महिने आणि इम्युनोथेरपीवर १८.७, म्हणजे फरक थोडका. बायफेजिक आणि सार्कोमॅटॉइड मिळून जो गट होता त्यात मात्र केमोवर ८.८ महिने आणि इम्युनोथेरपीवर १८.१. दोन वर्षांनंतर या गटातले केमोवरचे ८ टक्के रुग्ण हयात होते, इम्युनोथेरपीवरचे ३८ टक्के. ताई, हा आकडा तुमच्या भावाला दाखवा. ज्या शब्दाने तुमचे हातपाय गळाले, त्याच शब्दामुळे बाबांना या औषधाचा फायदा होण्याची शक्यता वाढते. पहिलाच रिपोर्ट धरून केमो सुरू झाली असती तर कदाचित हा पर्याय चर्चेलाच आला नसता.

इम्युनोथेरपी म्हणजे निरुपद्रवी औषध असं मात्र समजू नका. शरीराची प्रतिकारशक्ती मोकाट सुटली की आतडं, यकृत, थायरॉइड, खुद्द फुप्फुस यांवरही हल्ला करते. जुलाब लागले, खोकला किंवा दम अचानक वाढला, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. बाबांना आधीपासून संधिवात, सोरायसिस असा काही आजार असेल तर तो आधीच सांगा.

खर्चाबद्दल मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. ही औषधं महाग आहेत, आणि मध्यमवर्गीय घराला सहज पेलतील अशी नाहीत. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: दोन्ही औषधं हवीत की एकाने भागेल, कंपनीची रुग्णसाहाय्य योजना आहे का, कुठे चाचणी चालू आहे का. रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करला पहिल्याच आठवड्यात भेटा, पैसे संपल्यावर नव्हे. घर विकायचा विचार मनात आला असेल तर थांबा. दोन-तीन महिन्यांनी स्कॅन करून औषध लागू पडतंय का ते बघायचं, आणि पडत नसेल तर बंद करायचं, हे डॉक्टरांशी सुरुवातीलाच ठरवून घ्या. इम्युनोथेरपी जमलीच नाही तर पेमेट्रेक्सेडची जेनेरिक औषधं आपल्याकडे मिळतात आणि ती बरीच स्वस्त पडतात. त्या केमोआधी साधारण आठवडाभर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि बी-१२चं इंजेक्शन सुरू करावं लागतं, नाहीतर रक्तपेशी फार घसरतात. हे विसरलं जात नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

ऑपरेशन करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनमधल्या मार्स-२ चाचणीत ३३५ रुग्ण होते, बहुतेक एपिथेलिऑइडचेच. आवरण सोलून काढण्याचं मोठं ऑपरेशन झालेल्यांचा मध्यक १९.३ महिने आला आणि नुसत्या केमोवाल्यांचा २४.८. जिथे प्रकार अनुकूल होता तिथेही हे चित्र, मग बायफेजिक आजारात आणि ७१व्या वर्षी त्या वाटेला जाण्यात मला अर्थ दिसत नाही. पाणी पुन्हापुन्हा भरत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आवरणाचे दोन थर टाल्कच्या पुडीने चिकटवणं किंवा बारीक नळी कायम ठेवून घरच्या घरी पाणी काढणं, यातलं एक नक्की करून घ्या. दर पंधरा दिवसांनी सुई टोचून घेण्यापेक्षा ते कितीतरी सुसह्य असतं, आणि रात्री माणूस आडवा होऊन झोपू शकतो.

गाठीचा प्रकार हा पुढची वाट सांगणारा मोठा धागा आहे, पण एकटा नाही. बाबा दिवसातला किती वेळ अंथरुणावर असतात, वजन किती उतरलं, हिमोग्लोबिन किती, प्लेटलेट वाढल्या आहेत का, आजार दुसऱ्या बाजूला पोचलाय का, हे सगळं मिळून डॉक्टर अंदाज बांधतात. तुम्ही लिहिलंय की ते रोज सकाळी दूध आणायला खाली जातात. ही फार मोलाची माहिती आहे. डॉक्टरांना सांगा, कारण उपचार झेपणार का हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

बाबांना सांगायचं की नाही? भावाची माया मला कळते. पण छातीतून दोनदा पाणी काढलेल्या, दुर्बीण घातलेल्या माणसाला काहीतरी मोठं आहे हे कळलेलं असतंच. तो विचारत नाही, कारण घरातले सगळे गप्प आहेत. आकड्यांपासून सुरुवात करू नका. संध्याकाळी शांतपणे शेजारी बसून विचारा, ‘बाबा, रिपोर्टात काय आलंय ते तुम्हाला ऐकायचंय का, की आम्हीच डॉक्टरांशी बोलू?’ ते ‘तुम्हीच बघा’ म्हणाले तर तेही मान्य करा, पण विचारलं गेलंच पाहिजे. इम्युनोथेरपी घ्यायची का, किती त्रास सहन करायचा, गावी जायचं का, हे त्यांचे निर्णय आहेत. ते त्यांच्या वतीने चोरून घेतले तर पुढे तुम्हा दोघांनाच त्रास होईल.

भावाला हेही सांगा की बिडीने हा आजार होत नाही. बिडी फुप्फुसाच्या कॅन्सरला आणि हृदयाला वाईट, पण मेसोथेलिओमाचं कारण जवळजवळ नेहमी ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असतं. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींच्या पट्ट्यातले ३३ रुग्ण नोंदवून हे दाखवून दिलं. गिरण्यांच्या बॉयलर खात्यांत वाफेच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारा लेप, असायचं. पूड पाण्यात कालवून हाताने थापायची, जुनं खरवडून काढायचं, सांध्यांत दोरी भरायची. त्या धुळीला हा आजार द्यायला वीस ते पन्नास वर्षं लागतात. तेव्हा बाबांना कुणी साधा मास्क दिला नसेल. त्यांच्या आजाराचं खापर त्यांच्याच डोक्यावर फोडू नका.

म्हणूनच पुढच्या भेटीत डॉक्टरांना केस पेपरवर ‘गिरणीत बॉयलर खात्यात ॲस्बेस्टॉसशी संपर्क’ असं वर्षांसह लिहायला सांगा. ईएसआयच्या (राज्य कामगार विम्याच्या) व्यावसायिक आजारांच्या यादीत ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा आहे, आणि ॲस्बेस्टॉस कामगारांच्या भरपाईबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निकाल दिलेला आहे. बंद गिरणीच्या बाबतीत दावा सोपा नाही, पण केस पेपरवर नोंदच नसेल तर दाव्याला सुरुवातही होत नाही. तिकीट नंबर, ईएसआय कार्ड, पीएफच्या पावत्या शोधा. म्हाडाच्या घरासाठी अर्ज केला असेल तर ही सगळी कागदपत्रं एका पिशवीत सापडतील. गिरणी कामगारांच्या युनियनमधल्या कुणाला तरी दाखवा, बाबांबरोबर त्या खात्यात असलेल्यांची नावंही लिहून काढा. त्यांच्यापैकी कुणाला दम लागत असेल तर त्यांच्या डॉक्टरांनाही हे कळायला हवं.

आईची काळजी रास्त आहे. कामावरच्या कपड्यांतली धूळ घरी येऊन बायकांना हा आजार झाल्याचं १९६५ पासून, लंडनच्या अभ्यासापासून नोंदवलेलं आहे. पण असं फार थोड्या जणींच्या वाट्याला येतं. तक्रार नसताना दरवर्षी स्कॅन काढून काही हाती लागत नाही, नुसती धास्ती वाढते. दम, छातीत एका बाजूला दुखणं, कारण नसताना वजन उतरणं यांपैकी काही झालं तर मात्र डॉक्टरांना आधी कपड्यांची गोष्ट सांगायची आणि मग बाकीचं.

गावच्या सिमेंटच्या पत्र्यांतही ॲस्बेस्टॉस असू शकतं, पण त्या पत्र्यांनी बाबांना हे झालेलं नाही. पत्रा धड आहे, तुटलेला-झिजलेला नाही, तोवर तो आहे तिथे राहू द्या. त्याला भोक पाडू नका, करवतीने कापू नका, कोरड्या ब्रशने शेवाळ घासू नका. बदलायचाच झाला तर पाण्याने पुरता भिजवून, खिळे काढून, अख्खा खाली उतरवायचा, आणि तुकडे झाडूने न झाडता ओल्या फडक्याने उचलून जाड प्लॅस्टिकमध्ये बांधायचे. हे काम करताना नाका-तोंडावर एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा मास्क हवा, घरातली मुलं लांब हवीत, आणि बाबांनी तिथे उभं राहून देखरेख करण्याचा हट्ट धरला तर तो मोडून काढा.